तिसरी-चौथीच्या पोरांना शाळेबाहेर नेऊन शिकवतोय, पालक म्हणतात "मास्तर हुंदडायला नेतात". काय करावं?

ओढ्याकाठचा मास्तर, 12 जुलै

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, पट 31, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, 16 पोरं. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

शनिवारी दप्तर नको, आनंददायी शनिवार करा असा आदेश 2024 मध्ये आला, तेव्हापासून आमच्याकडे शनिवार म्हणजे कवायत, गाणी, कागदकाम आणि मग घड्याळाकडे बघत बसणं. यंदा ठरवलं की परिसर अभ्यास परिसरातच जाऊन शिकवायचा. शाळेमागं गायरानाचा अर्ध्या एकराचा पडीक तुकडा आहे, त्याला लागून ओढा, ओढ्यापलीकडं ऊस.

पहिल्याच शनिवारी पार बोऱ्या वाजला. मी मोबाइलवर बघून एक कागद तयार केला होता, पाच प्रकारची पानं शोधा, तीन प्रकारचे किडे शोधा, चित्र काढा, खाली नाव लिहा असला. भुरभुर पाऊस आला आणि कागदाचा लगदा झाला. तेवढ्यात दोघं खेकडे धरायला ओढ्यात उतरले, एकाचा शेवाळावरून पाय सरकला, एकीला केसाळ सुरवंट लागून मनगट लाल झालं. बाकीच्यांनी दहा मिनिटात कागद भरून दिला आणि विचारलं, सर आता खेळू? म्हणजे मी जे शोधायला लावलं होतं ते त्यांच्या रोजच्या पायाखालचं. खरं सांगायचं तर नवीन होतं ते मलाच. मी शहरात वाढलोय, मला गवत म्हणजे गवत, त्यात हराळी कुठली आणि लव्हाळा कुठला ते कळत नाही.

सोमवारी दोन पालक दारात. एक म्हणाले, "सर, आमची पोरं चोवीस तास रानातच असत्यात, शाळेत पण रानातच नेणार का?" दुसरे म्हणाले, पलीकडं ऊस डोक्याच्या वर गेलाय, बिबट्या निघाला तर जबाबदार कोण. हा दुसरा मुद्दा तर मला खोडताच येईना, आमच्याकडं बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही, माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र याच तालुक्यात आहे. केंद्रप्रमुख साहेब भले माणूस, तेही म्हणाले उपक्रम छान आहे हो, पण निपुणचं (वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं) काय, वाचनात मागं असलेली पाच पोरं आहेत ती झाडं बघून वाचायला लागणारेत का.

तर मला विचारायचंय की हे ज्यांनी खरंच केलंय (फोटोपुरतं नाही) त्यांनी काय केलं? पोरं आवरायची कशी, पालकांना सांगायचं काय, आणि ज्या पोरांना निसर्ग माहितीच आहे त्यांना बाहेर नेऊन नवीन नेमकं काय द्यायचं? हा शेवटचा प्रश्न रात्री झोपू देत नाहीये.


मंचरचा कांदेवाला, 12 जुलै

सर राग मानू नका, पण तुमच्या दारात आलेल्या त्या पहिल्या माणसाच्या जागी मी असतो तर मीबी हेच बोललो असतो. आमच्या बापानं आम्हाला शाळेत घातलं ते चिखलातनं पाय निघावा म्हणून. आता शाळाच चिखलात न्यायला लागली तर आईबाप म्हणणारच ना की शेजारच्या इंग्लिश मिडियमची पोरं कॉम्प्युटरवर बसल्यात आणि आमची गवत मोजत्यात. शहरातल्या लोकांना निसर्गाचं कवतिक असतं कारण त्यांना तिथनं संध्याकाळी घरी जायचं असतं.

बिबट्याचं मात्र सांगतो कारण आम्ही त्याच्यातच राहतो. उसाच्या कडंनं पोरं न्यायचीच नाय. मोकळ्या रानात न्या, उसापासनं लांब, सकाळी लवकर नको आणि सांज तर अजिबात नको, उन्हं वर आल्यावर न्या. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं म्हणून पोरं बसवायची तर मधे गोल करून बसवा आणि दोन मोठी माणसं कडंला उभी ठेवा. एकट्या पोराला लघवीला बी सोडू नका. बडबड करत जा, गाणी म्हणत जा, त्याला आपला आवाज गेला की तो आपणहून बाजूला होतो. ठसे दिसले तर त्या दिवशी माघारी फिरायचं आणि 1926 ला फोन लावायचा, वनखात्याचा नंबर आहे. ओढा म्हणताय तो उसाला लागून आहे, तो सोडाच.


डहाणूची बाई, 13 जुलै

सर, मी 34 वर्षं प्राथमिकला होते, आता निवृत्त. कांदेवाले दादा बोलले ते खरं आहे आणि तरी तुमचंही चुकलेलं नाही, जरा सविस्तर लिहिते.

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि मग 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मी त्यांच्या हाताखाली शिकले नाही, माझी नोकरी नंतरची आणि दुसऱ्या शाळेतली, पण आमच्याकडे शिक्षक म्हणून वावरलेल्या माणसाला ते नाव टाळता येत नाही. तिथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायला जायची, शाळेत येणार कधी? तर यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथे बाई जाणार आणि तिथेच शिकवणार. साहित्य काय, तर खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या. आता यातली मेख बघा. त्या मुलांना कुरण दाखवायला कोणी कुरणात गेलं नव्हतं. कुरण त्यांना बाईंपेक्षा जास्त माहीत होतं. बाई गेल्या त्या अक्षर आणि अंक घेऊन. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यात दिसतं, पोरांना निसर्ग द्यायला जाऊ नका, तो त्यांच्याकडे आहे, तुम्ही त्यांच्याकडून तो घ्या आणि त्या बदल्यात लिहिणं-वाचणं-मोजणं द्या.

आता कामाचं. एक तर तो कागद फाडून टाका. आधीच ठरलेल्या उत्तरांचा कागद हातात दिला की पोरगं उत्तर शोधतं, बघत नाही. दुसरं, जागा बदलू नका. दर शनिवारी नवीन ठिकाण ही सहल झाली. सुतळीचे हात-हात लांबीचे तुकडे करा, टोकाला गाठ मारून कडं करा आणि प्रत्येकाला आपलं कडं जमिनीवर टाकायला सांगा, जवळ खूण म्हणून दगड ठेवा. एवढीच त्याची जमीन. दर शनिवारी त्याच जागेवर कडं टाकायचं आणि गेल्या वेळेपासून काय बदललं तेवढं सांगायचं. पहिल्या दोन वेळा "काही नाही बाई, गवत आहे" असंच येईल, धीर धरा, तिसऱ्या-चौथ्या वेळी पोरं भांडायला लागतात की माझ्या कड्यातलं रोप तुझ्यापेक्षा उंच. भांडण सुरू झालं की पट्टी काढायची. त्याच्या आधी पट्टी काढली तर ती शिक्षा वाटते.

तिसरं म्हणजे तिथे लिहायला लावू नका. बाहेर फक्त बघायचं आणि बोलायचं. वर्गात आल्यावर ते सांगतील ते त्यांच्याच शब्दात फळ्यावर लिहा. प्रमाण शब्द करायची घाई नको, आमच्याकडे वारली शब्द असायचे, मी तसेच लिहायची आणि शेजारी मराठी. आपण बोललेलं वाक्य फळ्यावर दिसलं की वाचन न येणारं पोरही ते ओळखतं, कारण ते त्याला पाठ असतं. तुमच्या केंद्रप्रमुखांच्या पाच पोरांचं मला वाटतं इथेच काहीतरी होईल.

आणि पालकांचं, तर शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांच्यासमोर मांडा, ठराव करून घ्या, दोन पालक पाळीपाळीने सोबत चला म्हणावं. दारात येऊन बोलणारा माणूस सोबत आला की त्याचं बोलणं बदलतं, हा माझा अनुभव. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.


कोथरूडची आई, 13 जुलै

मास्तर तुम्ही करताय ते फुकट आहे याची किंमत ओळखा हो. माझ्या मुलाच्या शाळेने दुसरीत असताना "निसर्गाशी मैत्री" म्हणून बसने एका कृषी पर्यटनवाल्याकडे नेलं, पैसे घेतले ते घेतलेच, 90 मुलं, बैलगाडीत एक चक्कर, कुंभाराच्या चाकावर प्रत्येकी अर्धं मिनिट, झाडांवर पाट्या लावलेल्या त्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि मग जेवण. घरी आल्यावर विचारलं काय पाहिलंस, म्हणाला रेन डान्स.

शेवटी आमच्या सोसायटीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्याने काम केलं. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून मी पुसायला गेले तर ते हललं, अळी होती! मग मजल्यावरची सगळी मुलं रोज शाळेतून आल्या आल्या कुंडीपाशी. काही दिवसांनी ती कात टाकून हिरवीगार झाली, बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगासारखं बाहेर काढायची आणि असा घाण वास यायचा की मुलं किंचाळत पळायची आणि परत यायची. लिंबाच्या झाडावर येतं तेच फुलपाखरू. तीन अळ्यांपैकी एक कोषात गेली आणि आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू झालं, एक एके दिवशी दिसलीच नाही, बहुतेक बुलबुलने नेली, आणि एका कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखे किडे निघाले. मुलं रडली अक्षरशः. मला वाटलं आता यांना काय सांगू, मग मीच शोधलं तर कळलं की त्या माशा अंडीच दुसऱ्याच्या अंगात घालतात आणि पिल्लं आतून खात मोठी होतात. हे पुस्तकातल्या जीवनचक्राच्या गोल चित्रात नसतं. मुलाने मात्र त्यावर स्वतःहून पानभर लिहिलं, शुद्धलेखन धन्य आहे पण पानभर.

शाळेत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर करून बघा.


वणीचा पाटील, 13 जुलै

गवतावरून आठवलं, तुमच्याकडे पावसाळ्यात तो पिवळ्या फुलाचा येतो त्याला टाकळा म्हणता ना? आमच्याकडे तरोटा. तरोट्याची भाजी कुणाला आवडते हात वर करा. (अवांतराबद्दल क्षमस्व)


मंचरचा कांदेवाला, 13 जुलै

टाकळाच. लसूण आणि डाळ घालून. कोवळा असतानाच.


सांगलीची लेक, 14 जुलै

मी श्टुटगार्टजवळ राहते, वाचून हसू पण आलं आणि थोडं वाईट पण वाटलं. माझी मुलगी इथे वाल्डकिंडरगार्टनला होती, म्हणजे जंगलातली बालवाडी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. इमारत नाहीच, एक लाकडी गाडी उभी असते फार वादळ असेल तर बसायला, बाकी वर्षभर बाहेर, बर्फ असला तरी. डेन्मार्कमध्ये 1950 च्या सुमारास सुरू झालेली कल्पना, जर्मनीत 1993 मध्ये फ्लेन्सबुर्गला पहिलीला अधिकृत मान्यता मिळाली आणि मग गावोगावी पसरली. मुलं रोज चिखलात लोळून यायची आणि त्यासाठी आम्ही फी भरून, नंबर लागायची वाट बघून घातलं होतं. तुमच्या पालकांना हे सांगितलं तर त्यांना मी वेडी वाटेन.

पण कांदेवाले दादांचा मुद्दा मला पटतो कारण इथल्या मुलांना घरी चिखल नसतो. म्हणून "जर्मनीत करतात" हे कारण पालकांना देऊ नका, ते लगेच म्हणतील मग जर्मनीसारखे रस्ते पण द्या. आणि पहिलीपासून इथेही मुलं वर्गातच बसतात हो, निदान आमच्या गावात तरी, महिन्यातून एखादा दिवस बाहेर.

घ्यायसारखं असेल तर दोन गोष्टी. पोरं आवरायचं तुम्ही विचारलंत. इथे चालताना रांग नसते, मुलं पुढे पळू शकतात, पण वाटेवर थांबायची ठिकाणं ठरलेली असतात, अमुक मोठं झाड, तमुक बाक, तिथे पोचलं की थांबायचंच आणि सगळे आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. तीन वर्षांचं मूल पण हे पाळतं, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडे बिबट्या आहे म्हणजे पळायला सोडता येणार नाही, पण गायरानाच्या आत दगड रंगवून हद्द करता येईल. दुसरं म्हणजे किडे चावणं, लागणं याचा बाऊ नाही पण हयगय पण नाही. इथे गोचीड मोठा प्रश्न आहे, रोज संध्याकाळी मुलांचं अंग तपासायचं हे आईबापांचं काम, शाळा पहिल्याच दिवशी तसं लिहून घेते. तुम्ही पण पालकांशी असं काहीतरी आधीच बोलून ठेवा, सुरवंट लागल्यानंतर नाही.

वाईट यासाठी वाटलं की गेल्या मे महिन्यात सांगलीला आलो तेव्हा मुलीला इथली सगळी झाडं ओळखता येत होती आणि आजीच्या दारातला कडुनिंब माहीत नव्हता. आजीने एक काडी तोडून दात घासायला दिली. आता तिला आयुष्यभर लक्षात राहील, चेहराच तसा झाला होता.


साप_म्हणे_दोरी, 15 जुलै

सर एक काळजीचा मुद्दा कुणी लिहिला नाही. गायरानाच्या कुंपणाला मोगली एरंड (काही ठिकाणी चंद्रज्योत म्हणतात) आहे का बघा. बी चवीला बरी लागते म्हणून पोरं शेंगदाण्यासारखी खातात आणि मग उलट्या-जुलाब, डझनभर पोरं एकदम दवाखान्यात गेल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. पहिल्या दिवशी ते झाड, धोतरा आणि कण्हेर ओळखायला शिकवा. "बाहेरचं काहीच तोंडात घालायचं नाही" असं सांगून उपयोग नाही कारण ती बोरं, चिंचा, करवंदं खाणारच, आणि खावीत पण.

सापाचं, पोरांच्या पायात बूट हवेत आणि बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, एवढे दोन नियम पक्के. दगड उलटायचा असेल तर तुम्ही उलटा, आणि पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला म्हणजे खालचं जे काय असेल ते पलीकडे जाईल. चुकून चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, पोराला चालवायचं नाही, 108 ला फोन आणि सरळ जिथे सर्पदंशाची लस असेल त्या दवाखान्यात. आपल्याजवळच्या आरोग्य केंद्रात लस आहे का हे आजच फोन करून विचारून ठेवा. आग्या मोहोळ कुठल्या झाडावर आहे ते पण बघून ठेवा, त्या झाडाकडं पोरं आणि दगड दोन्ही जाऊ देऊ नका.


चष्मेवाला डॉक्टर, 15 जुलै

पालकांना सांगायला एक मुद्दा माझ्याकडून. चीनमध्ये ग्वांगझूच्या 12 प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला होता, 2015 मध्ये छापून आला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला आणि सुट्टीत मुलांना बाहेर न्या असं पालकांना सांगितलं, बाकीच्या शाळांत काही बदललं नाही. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्यांपैकी साधारण 30 टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याइतका दोष आला होता, न जाणाऱ्यांत 39 टक्क्यांच्या पुढे. बाहेर जाऊन शिकलंच पाहिजे असंही नाही, नुसता उजेड डोळ्यात जायला हवा. हुंदडलं तरी चालेल म्हणजे. अर्थात तुमच्या गावातल्या पोरांपेक्षा हे कोथरूडच्या पोरांना जास्त लागू आहे.


ओढ्याकाठचा मास्तर, 27 सप्टेंबर

मंडळी, अडीच महिन्यांनी परत येतोय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसत नाही, काय झालं ते सांगतो.

ओढा सोडला. समितीत मांडलं, दीड तास चर्चा झाली, त्यातला सव्वा तास बिबट्यावर. ठराव झाला की शाळेच्या बाजूची गायरानाची अर्धी पट्टी वापरायची, दहानंतर, दोन पालक काठी घेऊन सोबत, आणि दगडांना चुना लावून हद्द. मोगली एरंड होता, चांगला सहा फूट. पालकांनीच तोडला.

सुतळीची कडी केली. बाई, तुम्ही म्हणालात तसं पहिले दोन शनिवार "गवत आहे सर". तिसऱ्या शनिवारी एक पोरगी, चौथीतली, नाव लिहीत नाही, त्या पाच पोरांतली एक, वर्षभर माझ्याशी धड बोलली नव्हती, ती दुसऱ्या एकाच्या कड्यापाशी जाऊन म्हणाली, "ते गवत नाही, लव्हाळा आहे, वरून काढून जात नाय, खाली गाठ असती." आणि मग थांबेचना. हराळी, कुंदा, केना, घोळ, माठ, आघाडा, माका, टाकळा, कुर्डू, एकदांडी, काँग्रेस गवत. प्रत्येकाचं काय करायचं ते पण, कुठलं म्हशीला चालतं, कुठलं भाजीला, कुठलं उपटल्यावर हात धुवायचे. तिची आई खुरपणीला जाते, ही सुट्टीच्या दिवशी सोबत. मी वर्गात येऊन तिनं सांगितलेली नावं फळ्यावर लिहिली, 14 झाली. तिनं दुसऱ्या दिवशी ती सगळी वाचून दाखवली. आता कबूल करतो, ते वाचन नव्हतं, तिला क्रम पाठ होता. पण मी क्रम बदलला, तर "कुंदा" आणि "कुर्डू" यात ती अडली, दोन्हीकडं बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली, आणि मग "र्डू" वर बोट ठेवून म्हणाली हा कुर्डू. मी दोन वर्षं बाराखडीचे तक्ते दाखवत होतो तिला. अजून सलग परिच्छेद वाचत नाही, पण जोडाक्षरापर्यंत आलीय. केंद्रप्रमुख साहेबांना फळाच दाखवला.

गणिताचं दोन गोष्टींवर जमलं. एक, पावसाची बाटली. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली वरून कापली, वरचा भाग उलटा नरसाळ्यासारखा आत बसवला, बाहेर पट्टी चिकटवली. बुडाला बाटली आत उचललेली असते तिथं वाळू-सिमेंट भरून सपाट करायला लागतं, हे दुसऱ्या बाटलीला कळलं. ऑगस्टात एका रात्रीत 27 मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर एवढं सांगितलं आणि शाळेचा पत्रा मोजायला लावला, 60 चौरस मीटर. चौथीच्या पोरांनी 1620 लिटर काढले, आणि मग एकानं विचारलं की सर मग उन्हाळ्यात आपण टँकरची वाट का बघतो. मी म्हटलं पुढचा धडा काढा. (नाही, खरंच हेच म्हटलं, उत्तर सुचलं नाही.)

दुसरी गोष्ट गुंठा. पोरांच्या तोंडात दिवसभर गुंठे-एकर असतं पण गुंठा केवढा ते दाखव म्हटलं की कुणी दाखवेना. 33 फूट बाय 33 फूट, दोरी धरून चार कोपरे करायचे. आमचा चौकोन काही केल्या जुळेना, तिरका व्हायचा. सोबत आलेल्या पालकांत तेच पहिले गृहस्थ होते, शाळेत पण रानातच नेणार का विचारणारे. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होते, शेवटी राहवलं नाही, म्हणाले अहो सर कोपरा असा धरत नाय. तीन हात-चार हात-पाच हात दोरी ताणून त्यांनी काटकोन करून दाखवला, त्यांच्या वडिलांनी घराच्या पायाची आखणी करताना शिकवला होता म्हणे. पोरं बापाकडं बघतच राहिली. आता ते म्हणतात अजूनही की गवत मोजण्यात काय अर्थ नाही, पण शनिवारी येतात.

न जमलेलं पण सांगतो. कढीपत्ता लावला, शेळीनं खाल्ला. दोन पोरांना बाहेर अजिबात लक्ष लागत नाही, वर्गात बरी असतात, त्यांचं काय करायचं कळलेलं नाही. आणि सावलीची काठी रोवली होती, पण जुलै-ऑगस्ट सगळा ढगात. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडं मे महिन्यात येतो तेव्हा शाळा बंद आणि परत जुलैच्या शेवटी येतो तेव्हा सूर्य नसतो, प्राथमिक शिक्षकाचं नशीब.

आता नवीन अडचण. दिवाळीनंतर तोड सुरू होईल, ऊस पडला की बिबट्याचा आसरा जातो आणि तो इकडं-तिकडं फिरतो. पालक म्हणतात तेव्हा गायरान बंद. बरोबरच आहे. त्याच सुमारास तोडकऱ्यांची पोरं पण शाळेत येतात, बीडकडची, चार महिन्यांसाठी. त्यांना पण यात घ्यायचंय. आवारात काय करता येईल? आवार म्हणजे 20 बाय 30 मीटर, फरशी जास्त, झाड एकच, शेवगा.


डहाणूची बाई, 27 सप्टेंबर

वाचून डोळे भरून आले असं लिहिणार होते, मग शेळीचं वाचलं आणि हसले.

एक झाड पुरे. शेवग्याला फुलं आली की शिंजीर पक्षी येतो, फुलं कधी किती, शेंगा कधी किती, पानं कधी झडली, याची नोंद भिंतीवर एका मोठ्या कागदावर करा, दर शनिवारी एक ओळ. नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह असतो, शाळा सुरू असेल तर पटांगणातूनच 15 मिनिटं पक्षी मोजा, नाव येत नसेल तर वर्णन लिहा. बीडची पोरं आली की तुमच्या त्या मुलीची 14 नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा तुमच्याकडे याला काय म्हणतात. समोर दुसरा रकाना आखून ठेवा. दोन्ही बाजूची पोरं वाचतील.


वणीचा पाटील, 28 सप्टेंबर

तिसरा रकाना वणीला ठेवा. तरोटा लिहून टाका आत्ताच.


साप_म्हणे_दोरी, 28 सप्टेंबर

शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात सर, चिकटून, सालीसारखेच दिसतात. पोरं टेकून उभी राहायच्या आधी खोड बघून घ्या, नाहीतर परत मनगट लाल.


ओढ्याकाठचा मास्तर, 28 सप्टेंबर

बघून आलो. आहेत. मोजायला सांगितलंय, लांबून.